कलकत्त्याचे माजघर

कलकत्त्याच्या पडद्यावर स्त्रियांच्या अनेक पिढ्या एका छपराखाली प्रथम कोणी आणल्या, हा वाद संशोधकांवर सोपवून मी माझा मागोवा १९५५ सालच्या ‘पथेर पांचाली’पासून धरतो, कारण सत्यजित राय यांनी खेड्यातील ज्या पडक्या घराचे चित्र काढले, त्यात इंदिर ठाकरुण, सर्वजया आणि दुर्गा ही स्त्रीजन्माची तीन वये एकाच चुलीच्या धगीत दिसतात. आश्रित म्हातारीसाठी दुर्गा चोरून पेरू आणते, त्यावरून सर्वजया कडाडते, आणि म्हातारी मुकाट्याने बोचके उचलून चालू लागते. सर्वजया येथे कठोर वाटते खरी. पण रिकाम्या डब्यांचा हिशेब जिच्या माथी मारलेला असतो, तिला उदारपणाची मुभा कोण देणार? इंदिर ठाकरुण झालेल्या चुनीबाला देवी एकेकाळच्या रंगभूमीवरील नटी. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्या निवर्तल्या.

फाळणीने या माजघराची वहिवाट मोडली. ऋत्विक घटकांच्या ‘मेघे ढाका तारा’त (१९६०) निर्वासित वस्तीतील आई मिळवत्या मुलीचे लग्न होऊन पगार हातचा जाईल या धास्तीत असते; मातृत्वाचे इतके निर्दय आणि तरीही समजून घ्यावेसे वाटणारे चित्र आपल्याकडे क्वचितच कोणी काढले असेल. ‘महानगर’मधील (१९६३) आरती विणकामाची यंत्रे विकायला दारोदार जाते, तेव्हा सासरा अबोला धरतो. या आरतीला ओठांना लावायचा रंग देते ती तिची अँग्लो-इंडियन सहकारी एडिथ. आणि साहेबाने एडिथच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिला बडतर्फ केले, तेव्हा घरातील एकमेव मिळकतीवर पाणी सोडून राजीनामा देते ती आरतीच.

पुढे अपर्णा सेन आल्या, आणि माजघराकडे आतून पाहणारी दृष्टी दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसली. त्यांच्या ‘पारमितार एक दिन’ची (२०००) सुरुवात सासूच्या श्राद्धाने होते. त्या घरातून घटस्फोट घेऊन बाहेर पडलेली, पुनर्विवाह केलेली सून पारमिता तेथे येते. जमलेल्या आप्तांना ती नेमकी कोण, हे ठरवता येत नाही, आणि जिच्याशी तिचे खरे नाते होते ती सनका तसबिरीत जाऊन बसलेली असते. सनकाची मुलगी खुकू मनोरुग्ण, पारमिताचा मुलगा जन्मतः पंगू; या दोन दुःखांच्या शेजारात सासू-सुनेची मैत्री रुजते. आपल्या ‘उंबरठा’त (१९८२) सुलभा घर सोडते, पारमिता मात्र आजारी सासूच्या शुश्रूषेसाठी परत येते, आणि मला हे परतणे सुलभाच्या जाण्याइतकेच धाडसी वाटते.

‘गयनार बाक्श’मध्ये (२०१३) अपर्णा सेन यांनी शीर्षेन्दु मुखोपाध्याय यांच्या कादंबरीवरून तीन पिढ्या उभ्या केल्या. बालविधवा आत्या मेल्यावरही भूत होऊन पूर्व बंगालच्या बोलीत शिव्या देत आपल्या दागिन्यांची राखण करते. जे सोने तिला अंगावर घालता आले नाही, त्याच्या बळावर सून सोमलता साड्यांचे दुकान काढते, आणि नात चैताली ते १९७१ च्या मुक्तियुद्धाला देऊन टाकते. स्त्रीधनाचा याहून नामी दस्तऐवज मला ठाऊक नाही.

तथापि एक उणीव नमूद केल्यावाचून राहवत नाही. या माजघरांत वयांचे वैविध्य जितके, तितके जातीचे नि वर्गाचे नाही. घरे बहुतेक भद्रलोकांची, आणि मोलकरणीला पिढ्या असतात याची कोणी दखल घेतलेली नाही. एडिथ कचेरीत भेटते, घरी फारशी येत नाही. अपर्णा सेन यांचा पहिलाच चित्रपट, ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१), याला अपवाद म्हणावा, तर त्यातील व्हायोलेट स्टोनहॅम ही एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिका नाताळच्या रात्री स्वतः भाजलेला केक घेऊन आपल्या जुन्या विद्यार्थिनीच्या दारी जाते. ज्यांनी आपण गावात नसू असे सांगितलेले, त्यांच्याच घरात मेजवानी रंगलेली तिला खिडकीतून दिसते, आणि केक हातात तसाच धरून ती अंधाऱ्या रस्त्याने परत फिरते.