ग्रंथपालही शिकवतात!

शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा लायब्ररीचा तास असतो. पुष्कळ ठिकाणी तो म्हणजे ऑफ पिरियडच! पोर्शन मागे राहिला की गणिताचे सर तो मागून घेतात, नाहीतर मुलं पुस्तकं बदलून परत येतात. ग्रंथपालही शिकवू शकतात, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मग ते नक्की काय शिकवतात?

चांगले ग्रंथपाल पुस्तक हातात देताना आधी शीर्षकपान उघडायला लावतात. लेखक कोण? प्रकाशक कोण? आवृत्ती कोणत्या सालची? हेच प्रश्न मोबाईलवरही कामाला येतात. समजा, पावसाळ्यात रात्री ग्रुपवर मेसेज आला, 'उद्या सगळ्या शाळांना सुट्टी!' सोबत सरकारी आदेशाचा फोटो. आदेश कोणी काढला? तारीख कुठली? जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तो आहे का? शोधलं तर कदाचित कळेल, की आदेश खरा आहे, पण गेल्या वर्षीचा! पुढे ढकलण्याआधी दोन मिनिटं थांबणं, हा डिजिटल नागरिकत्वाचा पहिला धडा.

दुसरा धडा इतरांच्या हक्काचा. नेटवरचा उतारा प्रोजेक्टमध्ये घेतला, तर लेखकाचं नाव द्यायचं. मैत्रिणीचा फोटो तिला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. लायब्ररीचं पुस्तक आपण जपतो, कारण ते आपल्यानंतर दुसऱ्याच्या हातात जाणार असतं. आपण नेटवर टाकलेलंही दुसऱ्यांच्या हातात जातं, पण ते सगळ्यांकडून परत मागवता येत नाही.

वाचकाला वाट दाखवायला शिकलेला माणूस लागतो, हे बडोद्यात शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं गेलं. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरल्या, आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्गही सुरू झाला. नुसती कपाटं भरून भागत नाही, हे त्यामागचं शहाणपण.

आज मात्र शाळेत ग्रंथपालाची जागा रिकामी असली, तरी कुणाचं काही अडत नाही असं वाटतं. अडतं ते मुलांचं. अफवा पसरल्यावर, कुणाचा तरी फोटो गावभर फिरल्यावर ती हे धडे शिकतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मित्रहो, आपल्यातले काहीजण उद्या शिक्षक होतील. तेव्हा पोर्शनसाठी लायब्ररीचा तास मागू नका. उलट, वर्ग घेऊन तिथे जा आणि ग्रंथपालांना शिकवू द्या.