राजाने दिलेली, मतदारांनी कसलेली

भूतानची निवडणूक म्हणजे राजाच्या मर्जीने चाललेला देखावा, असा समज आपल्याकडे सर्रास दिसतो. त्याला आधारही आहे. सत्ता सोडण्याचा निर्णय चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी स्वतःहून घेतला. 2007 मध्ये लोकांना सवय व्हावी म्हणून रंगीत तालीम झाली. चार काल्पनिक पक्ष, ओळख फक्त रंगाची. पिवळ्या पक्षाने 47 पैकी 46 जागा जिंकल्या, कारण पिवळा हा राजाचा रंग! 2008 च्या खऱ्या निवडणुकीतही द्रुक फुएनसुम त्शोग्पा या पक्षाला 45 जागा मिळाल्या. शंका यावी असेच हे आकडे. पण 2013 मध्ये याच पक्षाला मतदारांनी सत्तेवरून उतरवले आणि दोन जागांवर अडकलेली पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टी 32 जागांसह सत्तेत आली. त्या वेळी भारताने ऐन निवडणुकीत गॅस-रॉकेलचे अनुदान थांबवले होते, म्हणून निकाल दिल्लीने लावला असे काही जण म्हणतात. त्या टंचाईचा परिणाम झालाही असेल. पण 2018 मध्ये हीच पार्टी पहिल्याच फेरीत बाद झाली आणि 2023 मध्ये तिला हटवणाऱ्या द्रुक न्यामरुप त्शोग्पाचीही तीच गत झाली. सत्तेचा ताम्रपट तिथे अद्याप कुणालाच मिळालेला नाही.

दुसरा समज, तिथे दोनच पक्षांना परवानगी आहे. वस्तुस्थिती अशी की पहिल्या फेरीत कितीही नोंदणीकृत पक्ष उतरतात आणि मत पक्षाला पडते. पहिले दोन पक्ष अंतिम फेरीत जातात, तिथे 47 मतदारसंघांत उमेदवारांची सरळ लढत होते. म्हणजे जागा दोन, पण राखीव कुणासाठीच नाहीत. 2013 मध्ये पहिल्या फेरीत सुमारे 45 टक्के मते घेऊन आघाडीवर असलेला सत्ताधारी पक्ष अंतिम फेरीत हरला, तर 2024 मध्ये प्रथमच लढणाऱ्या भूतान तेंद्रेल पार्टीने 17 जागा मिळवून विरोधी बाके गाठली. वरिष्ठ सभागृहात, म्हणजे राष्ट्रीय परिषदेत, तर पक्षांना प्रवेशच नाही : 20 सदस्य जिल्ह्यांतून निवडून येतात, पाच राजा नेमतो.

मग सारे आलबेल आहे का? नाही. खासदारकीसाठी पदवीची अट आहे, त्यामुळे शिक्षण न लाभलेला शेतकरी मत देऊ शकतो, उमेदवार होऊ शकत नाही. त्याहून मोठा प्रश्न मतदारयादीच्या बाहेरचा आहे. 1985 च्या नागरिकत्व कायद्यानंतर, 1990 च्या दशकात नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजातील सुमारे लाखभर लोक देशाबाहेर लोटले गेले आणि नेपाळमधील छावण्यांत राहिले. तरीही भूतानच्या लोकशाहीला खोटी म्हणणे चूक. तिच्या मर्यादा मतपेटीत नव्हे, मतपेटीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर आहेत. ‘कसेल त्याची जमीन’ हा न्याय लावला, तर राजाने दिलेली ही लोकशाही आता मतदारांची झाली आहे. ज्यांना त्या शेतातूनच हुसकले, त्यांचा हिशेब मात्र बाकी आहे.