हाडवैद्य, कायरोप्रॅक्टर आणि कायद्याची नोंदवही

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या विणकामासाठी नावाजलेले गाव. मागावर दिवसचा दिवस वाकून बसणाऱ्याची कंबर आणि रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून घसरणाऱ्याचे मनगट ही अशा गावांची नित्याची दुखणी, आणि ती उद्भवली म्हणजे या मुलखात दवाखान्याच्या आधी पुष्कळांना आठवण होते ती हाडवैद्याची. उसण भरली तर पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची चालही अद्याप पुरती मावळलेली नाही. अलीकडे या मंडळींत मोबाइलच्या पडद्यावर कडाडकन मान मोडून दाखविणाऱ्या कायरोप्रॅक्टरची भर पडली आहे. या सर्वांना कायदा कोठवर मुभा देतो, याविषयी मात्र लोकांत नाना प्रवाद रूढ आहेत.

त्यांतील सर्वांत बळकट प्रवाद असा की, जो गोळी देत नाही आणि सुई टोचत नाही, त्याचा वैद्यकीच्या कायद्याशी संबंधच येत नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 याच्या कलम 33 चा रोख औषधावर नसून व्यवसायावर आहे: ज्याचे नाव विहित नोंदवहीत नाही, त्याने कायद्याने दिलेल्या मोजक्या सवलतींबाहेर कोणत्याही वैद्यकपद्धतीचा व्यवसाय करू नये, आणि केल्यास पहिल्याच अपराधाला दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास व शिवाय दंड. थकल्या अंगाला तेल चोळून देणे हा कोणी अपराध मानीत नाही. परंतु हाड मोडले की सांधा निखळला याचा निवाडा करून, ते ओढून बसवून, वर पट्टी बांधणे याला उपचार म्हणू नये तर काय म्हणावे?

दुसरा समज वंशपरंपरेचा. आजा हाडे बसवीत होता, बाप बसवीत होता, तेव्हा नातवाला सनद कशाला, असे विचारणारे लोक खोटे नसतात. त्यांच्यातील कित्येकांचा हात खरोखरच कसलेला असतो, हे मी नाकारीत नाही. विधिमंडळानेही ते नाकारले नव्हते. मुंबई इलाख्यात 1938 साली आणि भंडारा ज्यात मोडत होता त्या मध्यप्रांत-वऱ्हाडात 1947 साली वैद्य-हकिमांच्या नोंदणीचे कायदे झाले, व पुढे 1961 च्या अधिनियमाने सबंध राज्याला एकच व्यवस्था लावून देताना, पदवी नसलेल्या पण पूर्वापार व्यवसाय करीत आलेल्या वैद्यांसाठी वेगळी सूची ठेवली. ती सवलत त्या त्या व्यक्तीला होती, घराण्याला नव्हती. आजोबांचे नाव त्या सूचीत असले तरी ते वतनासारखे नातवाकडे उतरत नाही.

भिंतीवर चौकटीत लावलेल्या कागदांविषयी थोडक्यात सांगतो. गुमास्ता परवाना हा दुकान-आस्थापनेच्या नोंदीचा, ग्रामपंचायतीचा दाखला रहिवासाचा किंवा ना-हरकतीचा, आणि चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र फक्त हजेरीचे. यांपैकी एकानेही रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

कायरोप्रॅक्टरच्या बाबतीत अमेरिकेचा दाखला हटकून पुढे केला जातो. आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे 1895 साली ही पद्धती काढणारे डी. डी. पामर यांना खुद्द त्यांच्याच गावी 1906 साली विनापरवाना वैद्यकीच्या आरोपावरून तुरुंगात बसावे लागले. परवाना देणारा पहिला कायदा कॅन्ससने 1913 साली केला आणि शेवटचा लुइझियानाने 1974 साली. म्हणजे जेथे ही विद्या जन्मली तेथेही तिला मान्यता मिळाली ती राज्याराज्यांनी, एकेक करून आणि परवान्याच्या शर्तीवर. त्या परवान्याचा अंमल महाराष्ट्रात चालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र परिषद नाही. फिजिओथेरपीची गोष्ट निराळी: तिच्यासाठी राज्याचा 2002 चा अधिनियम आहे व त्याखाली परिषद आहे, सबब नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट आणि केवळ पाटी लावून बसलेला मनुष्य यांना एका मापाने मोजता येत नाही.

‘बिघडलेच तर हाड वाकडे जुळेल, एवढेच ना,’ ही समजूत सर्वांत घातक. बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या आणि आत सूज वाढू लागली, की स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यांतील दाब चढतो व रक्त पुढे सरकेनासे होते. बोटे गार पडतात, फिकी होतात, बधिर होतात. दुसऱ्याने ती हळूच सरळ केली तरी रोगी किंचाळतो. अशा वेळी ‘पट्टी लागू पडते आहे, कळ सोस’ असे सांगणे हा अनर्थ होय, कारण काही तासांतच स्नायू मरू लागतात आणि हाताचा पंजा कायमचा आखडतो. फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने 1881 मध्ये वर्णिलेली ही विकृती घट्ट बांधलेल्या पट्टीची करणी असू शकते. मानेला दिलेल्या अचानक हिसक्याने मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटल्याची उदाहरणेही वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. आणि जुनाट पाठदुखी कण्याच्या क्षयाची असेल, तर तीवर दिलेली लाथ कोणते पुण्य पदरात टाकील हे सांगावयास नको.

पैसे न घेतल्यास जबाबदारी उरत नाही, हाही भ्रमच. निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवाला अपाय करणे हा भारतीय न्याय संहितेतील अपराध आहे, आणि तेथे फी घेतली किंवा न घेतली हा मुद्दा गैरलागू ठरतो. उलट पक्षी, नोंदवहीत नाव असले म्हणजे सर्वच उपचारांना मोकळीक मिळाली असेही नव्हे: मुंबईतील एका होमिओपॅथाने ॲलोपॅथीची औषधे दिल्याच्या प्रकरणात, पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या 1996 च्या निकालात, ज्या पद्धतीचे ज्ञान नाही तिचा व्यवसाय करणारा तो भोंदूच, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

संशय आल्यास प्रथम नोंदणी क्रमांक विचारावा. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा, भारतीय चिकित्सापद्धतीच्या कौन्सिलचा, की फिजिओथेरपी परिषदेचा, हे सांगण्यास खऱ्या व्यवसायीला अडचण पडत नाही. उत्तर टाळले गेले, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, त्यात तारीख, ठिकाण व केलेला उपचार नमूद करावा, आणि पट्टी सोडल्यावर काढलेले छायाचित्र व नंतरच्या दवाखान्याचा केसपेपर जोडण्यास विसरू नये.