दोन टोकांमागचे जाळे

संध्याकाळी घरात दिवा लागलेला असतो. स्वयंपाकघरात कुणी विजेची शेगडी लावते आणि दिवा एकदम मंद होतो. शेगडी बंद केली की पुन्हा पहिल्यासारखा. तुम्ही म्हणाल, "व्होल्टेज पडले." बरोबर आहे, पण किती पडले, आणि का? याचे उत्तर द्यायला वीजकेंद्रापासून तुमच्या भिंतीपर्यंतच्या साऱ्या तारा आणि सांधे मोजत बसायचे की काय? मुळीच नाही. ही यातायात टाळण्याची एक युक्ती आहे, तीच आज पाहू.

ही युक्ती तेव्हनँ या फ्रेंच तारखात्यातील इंजिनिअरने 1883 साली प्रसिद्ध केली. तिच्यातला विचार त्याआधी तीस वर्षे, 1853 साली, हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला होता, आणि तोही प्राण्यांच्या शरीरातील विजेचा अभ्यास करताना! विचार असा : तारा, रोध आणि बॅटऱ्या यांचे जाळे कितीही गुंतागुंतीचे असो, त्यातून दोन टोके बाहेर काढली, तर त्या टोकांना जोडलेल्या वस्तूच्या लेखी ते सारे जाळे म्हणजे एक बॅटरी आणि तिला जोडून एक रोध, बस्स. यालाच समतुल्य मंडल म्हणतात. अट एवढीच, की जाळ्यात दाबाच्या प्रमाणात प्रवाह वाढत असला पाहिजे.

आता कागद-पेन्सिल घ्या. 12 व्होल्टची बॅटरी काढा. तिला एकापुढे एक असे 6 ओहम आणि 3 ओहमचे दोन रोध जोडा. 3 ओहमच्या दोन टोकांना 'क' आणि 'ख' म्हणा. या क-ख मध्ये 2 ओहमची एखादी वस्तू जोडली तर तिच्यातून किती प्रवाह जाईल?

आधी वस्तू बाजूला ठेवा. मोकळ्या क-ख मधला दाब काढा. 12 व्होल्टपैकी तिसरा हिस्सा, म्हणजे 4 व्होल्ट. मग बॅटरीच्या जागी नुसती तार कल्पून क-ख मधून आत पाहा. 6 आणि 3 ओहम आता शेजारी-शेजारी आहेत. त्यांचा एकत्रित रोध 2 ओहम. झाले! 4 व्होल्टची बॅटरी, आतला रोध 2 ओहम, बाहेरची वस्तू 2 ओहम. चाराला चाराने भागा. प्रवाह 1 अँपिअर. वस्तू बदलली तरी पहिले दोन आकडे तेच राहतात.

आता घराकडे वळू. इथे वीजकेंद्र काढून तिथे तार लावता येत नाही. पण शेगडी बंद असताना दाब 230 व्होल्ट, आणि शेगडी 10 अँपिअर घेत असताना 220 व्होल्ट भरला, तर 10 व्होल्ट वाटेत खर्च झाले. म्हणजे भिंतीमागच्या साऱ्या पसाऱ्याचा रोध 1 ओहम. (घरची वीज उलटसुलट वाहणारी असल्याने हा हिशेब ढोबळ समजावा.) दिव्याच्या मंदपणाचे मूळ या 1 ओहममध्ये आहे.

हाच आकडा आणखी मोठी गोष्ट सांगतो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर प्रवाह 230 अँपिअर. फ्यूज तत्काळ वितळतो. पण सांधे ढिले होऊन हा रोध 5 ओहम झाला असेल, तर त्याच वेळी प्रवाह 46 अँपिअरच. "सारखा फ्यूज जातो" म्हणून कुणी त्यात जाड तार घातली असेल, तर ती वितळणार नाही. वितळेल ती भिंतीतली तार, आणि घराला आग लागेल.

आणि माणूस? वीजपुरवठ्यातली एक तार ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीला जोडलेली असते. म्हणून जिवंत तार आणि जमीन याही दोन टोकांत 230 व्होल्ट असतात. अनवाणी माणसाचा हात त्या तारेला लागला, आणि पायाखालच्या जमिनीसह त्याच्या वाटेचा रोध 2000 ओहम धरला, तर प्रवाह सुमारे 0.115 अँपिअर. आतला 1 ओहम इथे खिजगणतीतही नाही. एवढासा प्रवाह हृदय बंद पाडू शकतो, आणि 5 अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

तेव्हा एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फ्यूज आहे तो तारांसाठी, माणसासाठी नव्हे. माणसासाठी चांगले अर्थिंग हवे, आणि 30 मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडणारे स्वयंचलित बटण हवे. ते आपल्या घरी आहे का, हे आजच पाहून घ्या. नसेल तर जाणत्या वायरमनला बोलवा. भिंतीतल्या त्या दोन टोकांवर स्वतः प्रयोग मात्र करू नका. प्रयोग कागदावरच बरा.