शाळा-कॉलेजे उभी राहिली, पालार नदी मात्र गेली

चामड्याच्या धंद्यातील आमच्या वाचकांना वाणियंबाडी, अंबूर, राणीपेट ही नावे नवीन नाहीत. तामिळनाडूत पालार नदीच्या काठच्या या गावांत कमावलेले चामडे युरोपातील बुटांच्या दुकानापर्यंत जाते. येथील अनेक टॅनऱ्या मुस्लिम घराण्यांच्या आहेत आणि या व्यापाऱ्यांनी समाजासाठी काही केले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. वाणियंबाडीचे इस्लामिया कॉलेज १९१९ सालचे. मेलविशारमच्या कॉलेजला सी. अब्दुल हकीम या दानशूर चामडे व्यापाऱ्याचे नाव आहे. आज ज्याला कंपन्यांची सामाजिक जबाबदारी म्हणतात, ती या मंडळींनी कोणताही कायदा नसताना पार पाडली.

मग याच भागातील कारखानदारांना सुप्रीम कोर्टात का उभे राहावे लागले?

पूर्वी येथे कातडे तरवडाच्या सालीने कमावले जाई. १९७० नंतरच्या दशकात सरकारने कच्च्या व अर्धवट कमावलेल्या चामड्याच्या निर्यातीवर बंधने आणली आणि तयार मालाला उत्तेजन दिले. देशाला परकीय चलन हवे होते. टॅनऱ्या झपाट्याने क्रोमकडे वळल्या. क्रोमने काम लवकर होते, चामडे मऊ होते, परंतु पिंपात घातलेल्या क्रोमपैकी बराचसा भाग कातड्यात न मुरता पाण्याबरोबर वाहून जातो. त्यात कातडी टिकवण्यासाठी लावलेले मीठ, केस काढण्याचा चुना आणि सल्फाइड यांची भर. हे सारे नदीत, नाल्यात आणि उघड्या शेतात गेले. विहिरी खारट झाल्या, भात आणि नारळ गेले. ज्यांची शेते गेली त्यांत त्याच टॅनरीतील मजुरांचे नातेवाईकही असणारच.

तेथील नागरिक मंचाच्या याचिकेवर २८ ऑगस्ट १९९६ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. टॅनऱ्यांच्या पट्ट्यात सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाल्याची पाहणी कोर्टापुढे होती. एक किलो तयार चामड्यामागे सुमारे ३५ लिटर पाणी लागते, हेही निकालात नमूद आहे. या धंद्यामुळे परकीय चलन आणि रोजगार मिळतो हे न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने मान्य केले. पण म्हणून पर्यावरणाचा नाश करण्याचा हक्क धंद्याला मिळत नाही, असे बजावले. जो घाण करील त्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे या निकालाने ठरले. प्रत्येक टॅनरीला दहा हजार रुपये दंड झाला. दंडाची रक्कम किरकोळच म्हणायची. खरा खर्च पुढे होता.

तो खर्च म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाची सामायिक केंद्रे. एकट्या लहान टॅनरीला असे केंद्र परवडत नाही म्हणून अनेकांनी मिळून ती उभारली. पुढे थेंबभरही पाणी बाहेर न सोडण्याची अट आली. पाणी गाळून पुन्हा वापरले जाते, उरलेले अतिखारट पाणी आटवले जाते आणि शेवटी मीठ व गाळ उरतो. त्याला गिऱ्हाईक नाही. ३१ जानेवारी २०१५ रोजी राणीपेटच्या अशाच एका केंद्रात गाळाची टाकी फुटून दहा कामगार जिवास मुकले. केंद्र उभारले म्हणजे जबाबदारी संपली, या समजुतीला हे उत्तर आहे.

आता कायद्याकडे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ एक एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. आमचे बहुतेक वाचक या कक्षेत येत नाहीत, हे खरे. परंतु घाणीची भरपाई करण्याचे तत्त्व पाच कामगारांच्या कारखान्यालाही सोडत नाही. आणि दोन टक्क्यांच्या हिशेबात स्वतःच्या धंद्याचा नेहमीचा खर्च धरता येत नाही. शाळेला देणगी एका खात्यात, शेजाऱ्याच्या विहिरीचे देणे दुसऱ्या खात्यात. आमच्या मते जकात-सदक्याचा हिशेब काटेकोर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला ही दोन खाती समजावून सांगण्याची गरज नसावी.

खर्च कमी करण्याचे साधे उपायही आहेत. कातडे भिजवण्यापूर्वी झटकून मीठ काढले तर पाण्यातील खारटपणा बराच घटतो आणि त्याला यंत्रही फारसे लागत नाही. वापरलेल्या पाण्यातून क्रोम वेगळे काढून पुन्हा वापरण्याची पद्धत चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने रुळवली आहे. त्यात विकत घ्यावयाचे क्रोम वाचते. आणि १ मे २०१५ पासून युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात घातक सहासंयुजी क्रोमियम किलोमागे तीन मिलिग्रॅमपेक्षा कमीच असावे लागते. तेव्हा तयार चामडे विकत घेऊन पट्टे-पाकिटे शिवणाऱ्याने निर्यातीची ऑर्डर घेण्यापूर्वी टॅनरीकडून चाचणीचा दाखला मागून घ्यावा. माल परत आला तर तोटा शिवणाऱ्याचाच होतो.

पालारचे प्रकरण अजून मिटलेले नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने राहिलेल्या बाधितांना भरपाई देण्याचा, ती प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल करण्याचा आणि निवृत्त हायकोर्ट न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचा आदेश दिला. पहिल्या निकालाला तेव्हा अठ्ठावीस वर्षे उलटून गेली होती.