उपचारात्मक व्यायाम

उपचारात्मक व्यायाम : रोग, इजा किंवा शस्त्रक्रिया यांमुळे शरीराच्या हालचालींत आलेली उणीव भरून काढण्यासाठी, अथवा ती येऊ नये म्हणून, रुग्णाची तपासणी करून ठरविलेल्या व मोजून दिलेल्या हालचालींना उपचारात्मक व्यायाम म्हणतात. भौतिकी चिकित्सेचा (उष्णता, विद्युत्, मर्दन, व्यायाम इ. भौतिक साधनांनी करावयाच्या उपचारांचा) हा प्रमुख भाग आहे. सर्वसामान्य व्यायामाचा हेतू निरोगी शरीर सुदृढ करणे हा असतो, तर उपचारात्मक व्यायामाचा हेतू गमावलेली विशिष्ट क्रिया परत मिळवून देणे हा असतो. औषधाप्रमाणेच त्याचीही मात्रा ठरवावी लागते. ती कमी पडल्यास गुण येत नाही व जास्त झाल्यास अपाय होतो.

अचलतेचे परिणाम : मोडलेले हाड जुळून येण्यासाठी अवयव काही काळ स्थिर ठेवावा लागतो. त्याच काळात वापरात नसलेले स्नायू रोडावतात, सांध्याभोवतीचे संपुट आखडते व हाडांतील कॅल्शियम कमी होते. सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते व त्यासाठी हालचाल आवश्यक असते. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णात पायांच्या नीलांत रक्ताच्या गुठळ्या होणे, फुप्फुसांत कफ साचणे, शय्याव्रण होणे, उभे राहताच रक्तदाब उतरून घेरी येणे इ. उपद्रव संभवतात. त्यामुळे मूळ विकार बरा होऊनही रुग्ण परावलंबी राहू शकतो. हे टाळण्यासाठी, जो भाग स्थिर ठेवणे आवश्यक आहे तेवढाच स्थिर ठेवून बाकीच्या शरीराची हालचाल सुरुवातीपासून चालू ठेवतात.

इतिहास : आधुनिक व्यायामोपचाराचा पाया स्वीडनमध्ये घातला गेला. पेअर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था स्थापन केली व तिच्यात वैद्यकीय व्यायामासही स्थान दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुस्ताव्ह झांडर यांनी व्यायामासाठी यंत्रे तयार केली. त्याच शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील वैद्य हाइन्रिख फ्रेंकेल यांनी तोल व सुसूत्रता गमावलेल्या रुग्णांसाठी दृष्टीच्या मदतीने करावयाच्या क्रमबद्ध हालचाली योजल्या. ऑस्ट्रेलियातील परिचारिका इलिझाबेथ केनी यांनी बालपक्षाघातात (पोलिओत) हातपाय ताठ बांधून ठेवण्याऐवजी लोकरीच्या गरम कापडाचा शेक व स्नायूंचे पुनर्शिक्षण यांचा पुरस्कार केला. प्रथम विरोध झालेली ही पद्धती १९४० नंतर अमेरिकेत प्रसार पावली. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करताना अमेरिकेतील टॉमस डीलॉर्म यांनी क्रमाक्रमाने वाढत्या वजनांची पद्धती विकसित केली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. जे वजन दहा वेळा उचलता येते व अकराव्यांदा येत नाही, ते त्यांनी मोजमापाचा आधार मानले.

प्रकार : व्यायामाची निवड मुख्यतः स्नायूच्या बळावरून होते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये प्रसृत केलेली श्रेणीपद्धती यासाठी सर्वत्र वापरतात. तीत आकुंचनाचा पूर्ण अभाव म्हणजे ०, केवळ स्फुरण म्हणजे १, गुरुत्वाकर्षणाचा भार काढल्यास हालचाल म्हणजे २, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल म्हणजे ३, त्याखेरीज काही विरोधावर मात म्हणजे ४ आणि प्राकृतिक बळ म्हणजे ५ अशा श्रेणी आहेत. शून्य श्रेणीत उपचारतज्ञ स्वतः रुग्णाचा अवयव हलवून सांधे मोकळे ठेवतात. यास निष्क्रिय व्यायाम म्हणतात. त्याने सांध्याचा आखडलेपणा टळतो, परंतु स्नायूचे बळ वाढत नाही. श्रेणी १ व २ मध्ये आधार देऊन किंवा पाण्यात करावयाचे साहाय्यित व्यायाम, ३ मध्ये सक्रिय व्यायाम आणि पुढे वजने, स्प्रिंग किंवा रबरी पट्टा यांचा वापर करून प्रतिरोधी व्यायाम देतात. सांधा हलविण्यास मनाई असल्यास, तो न हलविता केवळ स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम देता येतो. उदा., गुडघा सरळ ठेवून मांडीचा पुढील स्नायू काही सेकंद ताठ करणे. यांशिवाय ताण देण्याचे, तोल साधण्याचे, श्वसनाचे व दमसास वाढविण्याचे व्यायाम आहेत.

अर्धांगवातात अडचण केवळ स्नायूंच्या दुर्बलतेची नसते; मेंदूकडून होणारे हालचालींचे नियंत्रण बिघडलेले असते. अशा वेळी खुर्चीवरून उठणे, पेला धरणे यांसारख्या प्रत्यक्ष कामांचा वारंवार सराव करून घेतात. सरावाने मेंदूतील शाबूत भागांत नवे जोड दृढ होतात.

मात्रा व मर्यादा : व्यायामाचा प्रकार, तीव्रता, आवर्तने, दिवसातील वेळा व वाढीचा क्रम ठरवून द्यावा लागतो. व्यायामानंतरची वेदना दीर्घकाळ टिकली, सूज वाढली किंवा दुसऱ्या दिवशी बळ कमी वाटले, तर मात्रा अधिक झाली असे समजतात. पक्षाघाताच्या झटक्यानंतर २४ तासांच्या आत रुग्णास वारंवार व अधिक प्रमाणात उठविण्याचा परिणाम पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर पडताळण्यात आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी चांगली सुधारणा झालेल्यांचे प्रमाण या गटात ४६ टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात ५० टक्के होते. लवकर हालचाल हितकारक असली, तरी घाई हितकारक नसते, हे यावरून दिसून आले. तीव्र ज्वर, अस्थिर अस्थिभंग, छातीत दुखणे किंवा नीलेतील ताजी गुठळी असल्यास वैद्याच्या अनुमतीशिवाय व्यायाम देत नाहीत.

व्यायामाचे उद्दिष्ट रुग्णाच्या जीवनक्रमाशी जुळणारे असावे लागते. खुर्चीवर बसण्यास गुडघा काटकोनात वाकणे पुरेसे होते. जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसून कामे करणाऱ्यास मात्र तेवढे पुरत नाही. उपचारतज्ञाचा सहवास दिवसातील थोडाच वेळ लाभत असल्याने घरी करावयाचे व्यायाम रुग्ण व त्याचे कुटुंबीय यांना शिकविणे हा उपचाराचाच भाग असतो.

भारतातील प्रसार : मुंबईत हाजीअली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिकी वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. बालपक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांचे पुनर्वसन हे त्या काळी या क्षेत्रापुढील मोठे कार्य होते. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. तथापि अपघात, संधिवात, अर्धांगवात व वार्धक्य यांमुळे या उपचाराची गरज मोठी आहे. भौतिकोपचारासह संलग्न आरोग्यसेवांतील शिक्षण व व्यवसाय यांच्या नियमनासाठी २०२१ मध्ये केंद्रीय कायदा करण्यात आला.