ए.डी.एम. जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला
ए.डी.एम. जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी दिलेला निकाल असून तो 'हेबियस कॉर्पस खटला' म्हणूनही ओळखला जातो. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या व्यक्तीस आपल्या अटकेची वैधता न्यायालयाकडून तपासून घेता येणार नाही, असे या निकालाने ठरवले. भारतीय न्यायसंस्थेच्या इतिहासातील सर्वाधिक टीका झालेल्या निकालांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

25 जून 1975 रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी घोषित झाली. 27 जून रोजी राष्ट्रपतींनी संविधानाच्या कलम 359 खाली आदेश काढून कलम 14, 21 व 22 यांतील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार स्थगित केला. 'मिसा' या नावाने परिचित असलेल्या 1971 च्या कायद्याखाली विरोधी पक्षांचे नेते व कार्यकर्ते विनाचौकशी तुरुंगात डांबले गेले. त्यांच्या वतीने ठिकठिकाणी देहोपस्थितीच्या याचिका दाखल झाल्या. अटकेचा आदेश कायद्याला धरून आहे की नाही एवढे तरी तपासता येते, असे मत नऊ उच्च न्यायालयांनी दिले. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. शासनाने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

निकाल

सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर त्यावर उपाय आहे काय? आणीबाणी चालू असेतोवर नाही, असे उत्तर मिळाले. शासनाची भूमिका किती टोकाची होती, हे या एका उत्तरातून दिसते.

तरीही सरन्यायाधीश अजितनाथ रे, न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड आणि न्या. भगवती यांनी शासनाच्या बाजूने कौल दिला. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क केवळ कलम 21 मध्येच आहे, ते कलम स्थगित झाल्यावर दाद मागण्यास आधार उरत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. म्हणजेच आदेश दुष्ट हेतूने काढलेला असला तरी न्यायालयाचे दार बंद होते.

न्या. खन्ना यांचे एकट्याचे मत याविरुद्ध होते. जीविताचा हक्क संविधानाने निर्माण केलेला नाही. कलम 21 नसते तरीही कायद्याच्या आधाराविना कोणाचे स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्यसंस्थेला नसता, असे त्यांनी मांडले. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले. न्या. खन्ना यांनी राजीनामा दिला.

नंतरच्या घडामोडी

निकालाचा परिणाम प्रथम संसदेने दूर केला. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनुसार कलम 20 व 21 यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. न्यायालयीन दुरुस्तीस मात्र चार दशके लागली. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टास्वामी खटल्यात, गोपनीयतेचा हक्क मान्य करताना, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 1976 चा निकाल रद्द ठरवला. त्यातील प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र होत.

प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची तरतूद कलम 22 मध्ये आजही आहे. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कोणासही तीन महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. ही मुदत दोन महिन्यांवर आणणारा 44 व्या दुरुस्तीतील भाग अद्याप अंमलात आणला गेलेला नाही.